पुण्याला असतो

आमच्या गावात कुणाचं पोरगं बरेच दिवस दिसलं नाही आणि विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं. "पुण्याला असतंय." मग ते भोसरीत असो, निगडीत असो, नाहीतर चाकणच्या पलीकडं खालुंब्रेत असो. गावाच्या हिशेबी सगळं पुणंच. मीही गेली तीस वर्षं असाच 'पुण्याला असतो'. खरं पुणं, म्हणजे शनिवारवाडा आणि लक्ष्मी रोड, मी वर्षातून दोनदा बघत असेन.

गाव बीड जिल्ह्यातलं, आष्टी तालुक्यातलं. नगरला जवळ आणि पाण्याला लांब. २०२२ च्या जानेवारीत थोरल्या भावाच्या पोराचा, माझ्या पुतण्याचा, फोन आला. पोरगं आयटीआय झालेलं, फिटर. मला वाटलं कामाचं विचारील. पण त्यानं सरळ मुद्द्याला हात घातला.

"काका, वरचं दोन एकर काढायचं म्हणतोय. चाकणकडं एक गुंठा येतोय त्यात. तुमची सही लागंल."

सातबाऱ्यावर माझं नाव आहे, म्हणून सही लागणार. मी म्हणालो, "अरे, आधी ये तर खरं. काम बघ, राहून बघ. जमीन कशाला इकतो?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुम्ही इकूनच गेला व्हता ना?"

त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या घरातून तीन पिढ्यांतली तीन माणसं या पट्ट्यात आली. आधी चुलते, मग मी, आता हा. तिघांची वाट एकच, आष्टी-नगर-शिक्रापूर. पण तिघांना मिळालेलं शहर एक नव्हतं. हे त्याला फोनवर सांगता येईना, म्हणून इथं लिहितो.

आमचे चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, ते १९७३ च्या उन्हाळ्यात गेले. १९७२ च्या दुष्काळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या मे महिन्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यांत आमचे आजोबा, आजी, वडील आणि नाना असे चौघं. पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची, नाहीतर रस्त्यासाठी खडी फोडायची. पोरांना सुकडी मिळायची. रेशनला मिलो यायची, लालसर, परदेशातून आलेली. तिची भाकरी थापली की चिरायची. आजी म्हणायची, ही भाकरी पोटात जाते पण बसत नाही.

नानांना खडीचं दुःख नव्हतं. त्यांना दुःख होतं ते हे, की खडी फोडून झाली की पुढं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या गावचा एक माणूस आकुर्डीला कारखान्याच्या बांधकामावर होता. तो सणाला आला तेव्हा त्याच्या पायात बूट होते. नाना त्याच्याबरोबर निघाले. वडिलांनी एसटीच्या भाड्याला शेळी विकली.

तेव्हाचं पिंपरी-चिंचवड म्हणजे काय होतं, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. मोरया गोसावींचं चिंचवड, चापेकर बंधूंचं चिंचवड, पवनेच्या काठची बागायत, आणि मधेमधे कारखान्यांच्या भिंती. सुरुवात १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून झाली. पेनिसिलिनचा सरकारी कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं उभा राहिलेला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि माळ मोजले जाऊ लागले. आकुर्डीला बजाज आली, टेल्को आली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून एक नगरपालिका झाली. १९७१ च्या शिरगणतीत तिथं एक लाखसुद्धा वस्ती नव्हती. २०११ साली ती सव्वासतरा लाखांवर गेली. चाळीस वर्षांत एवढी माणसं जन्मली नाहीत, ती आली. कोकणातून, खानदेशातून, सातारा-सांगलीकडून, विदर्भातून आणि आमच्या मराठवाड्यातून.

नाना आधी बांधकामावर बिगारी. शेड उभी राहिली तेव्हा त्याच कारखान्यात हेल्पर. १९७६ साली कायम झाले. 'पर्मनंट' हा इंग्रजी शब्द आमच्या घरात तेव्हा आला, तो आजतागायत देवाच्या नावासारखा घेतला जातो. कायम झाले म्हणजे पगाराची तारीख ठरली, फंड कापला जाऊ लागला, आजारी पडलं तर ईएसआयचा दवाखाना मिळाला. पावसावर नसलेलं असं उत्पन्न आमच्या खानदानात पहिलंच. महिन्याला मनीऑर्डर यायची. पोस्टमन मारुतीच्या पारावर बसून नाव पुकारायचा आणि आजी पदर सावरून अंगठा द्यायला जायची. त्या मनीऑर्डरीवर आमची विहीर खोल झाली, आत्याचं लग्न झालं आणि मी शाळेत गेलो.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, पण सगळ्यांना पाठ होती. नानांनी काकूला पहिली आठ वर्षं गावालाच ठेवलं. आकुर्डीत ते पाचजणांत एका खोलीत राहायचे, बायको कुठं नेणार? काकू वर्षातून दोनदा नवरा बघायची, दिवाळीला आणि जत्रेला. आजी वारली तेव्हा तार केली. नाना रात्रपाळीला, तार खोलीवर पडून. ते गावात पोचले ते सावडायच्या दिवशी. राखेला हात लावून बसून राहिले. त्यानंतर ते कुठंही गेले तरी संध्याकाळी खोलीवर परत यायचे. काय निरोप येईल सांगता येत नाही म्हणायचे.

१९८१ ला काकू गेली. पुढं नानांना प्राधिकरणाच्या योजनेत दोन खोल्यांचं घर मिळालं. प्राधिकरण १९७२ साली झालं, कामगारांना स्वस्त घरं आणि आखीव नगर मिळावं म्हणून. त्यासाठी निगडी, आकुर्डी, भोसरी, चिखलीकडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्यांना साडेबारा टक्के परतावा मिळावा म्हणून तिथली माणसं पुढं कित्येक वर्षं भांडत राहिली. हे मला फार उशिरा कळलं. आम्ही बाहेरून आलेले 'आम्ही गाव सोडलं' म्हणून रडतो. पण तिथल्या माणसानं गाव सोडलं नाही, गावानंच त्याला सोडलं. तो आहे तिथंच बसला आणि त्याच्याभोवती शहर आलं. कुणाला चाळी बांधून भाडं मिळालं, कुणाच्या हाती पंचनाम्याचा कागद राहिला.

नानांनी चेतक स्कूटर घेतली. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं. ती घेऊन ते आकुर्डीहून थेट गावाला आले. अख्खा गाव बघायला. मी मागं बसून वेशीपर्यंत चक्कर मारली आणि तिथंच ठरवलं, आपणही पुण्याला जायचं. खरं सांगायचं तर माझं जाणं पोटासाठी नव्हतं, त्या स्कूटरसाठी होतं.

मी नगरला आयटीआय केली, टर्नर. १९९२ ला भोसरीत आलो. मोठ्या कारखान्यांची भरती तोवर आखडली होती. टेल्कोचा १९८९ चा संप नुकताच होऊन गेलेला. शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलेल्या कामगारांना पोलिसांनी रातोरात उचललं होतं, त्याच्या गोष्टी चहाच्या टपरीवर अजून चालायच्या. मोठ्या कंपन्या आता बरंच काम बाहेरून करून घेत होत्या आणि ते बाहेर म्हणजे भोसरी एमआयडीसी. जे ब्लॉक, टी ब्लॉक, एस ब्लॉक. पत्र्याच्या शेडमध्ये चार लेथ, दोन प्रेस, दहा माणसं, बारा तास. गाडी ज्यांच्या नावानं रस्त्यावर धावते त्यांचं गेटसुद्धा आम्ही आतून बघितलेलं नव्हतं, आणि तिच्यातला निम्मा माल मात्र आमच्यासारख्यांच्या हातचा.

पहिले तीन महिने नानांकडं राहिलो, मग कॉट घेतली. कॉट घेणं म्हणजे खोली घेणं नव्हे. खोलीत सहा कॉट, माणसं बारा. मी पहिल्या पाळीला उठलो की रात्रपाळीचा येऊन त्याच कॉटवर पडायचा. मला त्याच्या अंगाचा वास माहीत होता, तोंड सहा महिन्यांनी बघितलं.

१९९४ ला त्या खोलीत औसा तालुक्यातला एकजण आला. किल्लारीच्या भूकंपात घर बसलेलं, आई गेलेली. तो बौद्धवाड्यातला. पुढं आम्ही दोघांनी मिळून वेगळी खोली केली. आठ महिन्यांतच एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली. प्रेसचं सेन्सर बंद होतं, कारण सेन्सर चालू असला की माल कमी निघतो. मी त्याच्याबरोबर दवाखान्यात तीन रात्री काढल्या. चौथ्या दिवशी म्हणालो, "गावाला जाऊन ये थोडे दिवस. बरं वाटंल."

तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "तुला गाव हाय. मला गावात काय हाय? तिथं मी बापाच्या नावानं बी वळखला जात न्हवतो, जातीच्या नावानं हाका मारायचे. हितं मला दोन बोटं कमी हायेत, पण चहाचा कप येगळा न्हाई."

शहर चांगलं की वाईट, असा वाद कुठं निघाला की मला ते वाक्य आठवतं. गावाची ओढ ही ज्याचं गावात काही आहे त्याची असते. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना खेडी सोडून शहराकडं जायला सांगितलं, ते उगाच नव्हे. माझ्या जोडीदारानं पुढं पोह्याची गाडी लावली, आठ बोटांवर दोन पोरं शिकवली. थोरला आज हिंजवडीला इंजिनिअर आहे. गावाला तो पंचवीस वर्षांत तीनदा गेला असेल. त्याच्यापाशी गावाच्या आठवणी काढायला मला अजून संकोच वाटतो.

आता माझ्या दीड एकराचं. १९९६ साली माझं लग्न ठरलं होतं आणि चिखलीत गुंठा मिळत होता. जुनी माणसं त्या गावाला टाळगाव चिखली म्हणतात. तेव्हा तिथं ग्रामपंचायत होती, महापालिकेत ते पुढच्याच वर्षी गेलं. शेतातनं फक्की टाकून आखलेले प्लॉट. एजंट म्हणाला, आज घ्या, उद्या सोनं होईल. पैसे नव्हते. मी गावाला जाऊन वडिलांपुढं बसलो. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. ओढ्याकडचं दीड एकर, जिथं चांगली ज्वारी यायची, ते विकून पैसे माझ्या हातात दिले. दीड एकर म्हणजे साठ गुंठे. साठ गुंठे देऊन मी एक गुंठा घेतला.

सोनं झालं का? झालं आणि नाही झालं. एक गुंठ्याला तेव्हा स्वतंत्र सातबारा नव्हता, बांधकामाला परवानगी नव्हती. आमच्याकडं असलेला कागद म्हणजे स्टॅम्पपेपरवरची नोटरी. तरीपण आम्ही बांधलं, सगळ्यांनीच बांधलं. नळ आला, वीज आली, मतदानाला नाव आलं. २००९ ला वर दोन खोल्या चढवल्या, भाड्यानं द्यायला. आणि मग घरपट्टीच्या बिलात शास्तीकर आला, म्हणजे अनधिकृत बांधकामाचा दंड, घरपट्टीच्या दुप्पट. भरला नाही तर थकतो, थकला की त्यावर व्याज. दर निवडणुकीला माफीची घोषणा व्हायची. माफ झाला तो २०२३ मध्ये. चौदा वर्षं ते बिल आमच्या देव्हाऱ्याखालच्या पेटीत होतं आणि बायको त्या पेटीला हात लावायची नाही.

माझं त्यातल्या त्यात बरं. ओळखीच्या एकानं देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या रेडझोनमध्ये गुंठा घेतला होता. जागा स्वस्त का, हे त्यानं विचारलं नाही आणि विकणाऱ्यानं सांगितलं नाही. त्याला ना कर्ज मिळतं, ना गिऱ्हाईक.

तरी मी असं म्हणणार नाही की माझं चुकलंच. माझ्या पोरीनं बीएससी नर्सिंग केलं. ती स्वतःच्या पगारावर उभी आहे. तिच्याच वयाची, गावातली माझी चुलतभावाची पोर सतराव्या वर्षी उजवली. हुशारीत दोघींत काडीचा फरक नव्हता. फरक होता तो कॉलेजला जायच्या बसचा. इथं दर दहा मिनिटाला बस होती, तिथं दिवसातून दोन, आणि दुसरी चुकली तर पोरीच्या बापाची झोप उडायची. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी गेलं, तेव्हा आमच्या गावात टँकरपुढं बायका भांडत होत्या आणि माझ्या घरात नळाला पवनेचं पाणी येत होतं. त्या पवनेचं पाणी शहराला बंद पाईपनं न्यायच्या योजनेविरुद्ध मावळात आंदोलन झालं, २०११ च्या ९ ऑगस्टला गोळीबारात तीन शेतकरी गेले. नळ सोडताना हे दरवेळी आठवत नाही. पण आठवलं की हात थांबतो.

आणि आता चाकण. पुतण्याचं चाकण.

आमच्या लहानपणी चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार आणि इतिहासाच्या पुस्तकातला संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाच्या फौजेपुढं छप्पन्न दिवस लढवलेला भुईकोट. आज त्या किल्ल्याच्या पडक्या भिंतीजवळून कंटेनर जातात. १९९९ ला बजाजचा कारखाना तिथं आला. २००९ ला फोक्सवॅगन, त्याच सुमाराला मर्सिडीज, मग महिंद्रा. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, सावरदरी, सगळीकडं शेड उभ्या राहिल्या. इकडं आकुर्डीत बजाजनं २००७ साली गाड्या बनवणं थांबवलं. ज्या फाटकातून तीन पाळ्यांची गर्दी सुटायची तिथं शांतता झाली. नाना तोवर व्हीआरएस घेऊन मोकळे झाले होते. ते एकदा फाटकासमोर उभे राहून आले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

नाना गावाला परत गेले होते, हेही सांगितलं पाहिजे. व्हीआरएसचे पैसे घेऊन, आता गावालाच राहणार म्हणून. सहा महिन्यांत परत आले. म्हणाले, "घरी गेलो तर कपबशीत चहा देतात. पाण्याचा तांब्या भरून देतात. आरं, मपल्याच घरात मला पाव्हणा केलं." त्यांच्या वयाची माणसं कमी झाली होती आणि उरलेल्यांना त्यांच्या बोलण्यातली पाळी, युनियन, कँटीन कळत नव्हती. ते २०१४ ला आकुर्डीतच गेले.

चाकणला काम आहे, हे खोटं नाही. नगर-बीडकडून बस येते तेव्हा सकाळी पाठीला बॅग लावलेली पोरं उतरतात, त्यांतलं बहुतेक आठवडाभरात कुठंतरी लागतं. पण कसं लागतं? ठेकेदाराकडून लागतं आणि सात महिन्यांसाठी लागतं. सातच का, हे मी पुतण्याला नीट समजावून सांगितलं. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात २४० दिवस काम भरलं की ती सलग नोकरी धरली जायची. मग सहज काढता यायचं नाही, नोटीस द्यावी लागायची, भरपाई द्यावी लागायची. सात महिने म्हणजे जवळजवळ २१० दिवस. २४० च्या अलीकडं थांबवलं की प्रश्न मिटला. मग 'ब्रेक'. ब्रेकनंतर दुसरी कंपनी, दुसरा गणवेश, पुन्हा पहिला दिवस. दहा वर्षं चाकणला राहून अनुभव दहा वर्षांचा नसणारी पोरं मी बघितलीत. त्यांचा अनुभव सात-सात महिन्यांचा असतो.

नानांना शहरानं जे दिलं ते हे शहर आता देत नाही. राबायला तेव्हाही लागायचं. पण तेव्हा तीन वर्षं राबलं तर पुढची तीस वर्षं दिसायची. आता पुढचे सात महिने दिसतात. आणि या सात महिन्यांच्या जिवावर पोरगं साठ-ऐंशी गुंठे विकून एक गुंठा घ्यायला निघालं होतं.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या गल्लीतून पोरं पायी नगरकडं निघालेली मी बघितली. ज्यांना जायला जागा होती ती गेली. भावाच्या कणगीत ज्वारी होती, त्यानं फोन करून विचारलं, "पोतं पाठवू का?" माझ्या औशाच्या जोडीदाराची गाडी बंद होती आणि त्याला कुणी फोन करणारं नव्हतं. निम्मं पोतं त्याच्याकडं गेलं.

फेब्रुवारीत मी गावाला गेलो. भाऊ वरच्या रानात होता, ज्वारी काढणीला आलेली. मी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याला कोण इचारतं? पोरींचे बाप इचारतेत. पोरगा पुण्याला असतो का, पहिला प्रश्न. तिथं सोताची जागा हाय का, दुसरा. मग इचारतेत, गावाला शेती किती. म्हंजी शेती पायजे, पण शेतकरी नगं." तो हसला. मग विळा खाली ठेवून म्हणाला, "तू दीड एकर इकाय लावलं तवा मी काय बोललो न्हाई. बोलाया पायजे व्हतं. वढ्याकडचं रान व्हतं ते. त्याच्यानंतर आपल्या घरात ज्वारी पुरली न्हाई कधी, इकत घ्यावी लागली. तुला सांगितलं न्हाई कुणी."

सव्वीस वर्षांनी मला हे कळलं. भावानं माझ्यासाठी ज्वारी विकत घेतली होती आणि टाळेबंदीत तीच मला पाठवायला निघाला होता.

घरी येऊन बायकोला सांगितलं की माझा हिस्सा मी भावाच्या नावानं सोडतो. ती म्हणाली, "आपल्या पोरांचं काय? नावावर राहू द्या, पेरू दे त्यांना." तिचंही खरं. वडील वारले तेव्हा बहिणीनं हक्कसोड केलं होतं. तेव्हा आम्ही दोघा भावांनी तिला साडीचोळी केली आणि विषय मिटवला, कुणी तिला 'राहू दे नावावर' म्हणालं नाही. ते आठवलं आणि मी गप्प बसलो. चार दिवस घरात धुसफूस झाली. शेवटी पोरगीच म्हणाली, "बाबा, तुम्ही तुमचा वाटा चिखलीत उचललाय."

मार्चमध्ये आष्टीला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मी सही केली. भावाला म्हणालो, आता विकायचं की ठेवायचं ते तू आणि तुझं पोरगं बघा. अट घातली नाही. पुतण्याला मात्र एवढं म्हणालो, "आधी सात महिने काढ. एक ब्रेक खा. त्यानंतर गुंठा घ्यावासा वाटला तर मी तुझ्याबरोबर कागद बघायला येतो. सातबारा, झोन दाखला, सगळं बघू."

तो आला. चार महिने आमच्या वरच्या खोलीत राहिला, मोशीमार्गे दुचाकीवरून चाकणला जायचा. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये दिवसाचा दीड तास जायचा, म्हणून पुढं नाणेकरवाडीत चौघांत खोली केली. ऑक्टोबरात ब्रेक लागला. ठेकेदारानं गणवेश जमा करून घेतला आणि सांगितलं, महिन्याभरानं बघू.

त्याच्या खोलीतले दोघं महिनाभर तिथंच बसून राहिले, भाडं अंगावर घेत. हा गावाला गेला. सप्टेंबरातच नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली होती, तिच्यातनं मुद्दाम गेला. गाडीतनं त्यानं मला फोटो पाठवला. ज्या दुष्काळी तालुक्यातून नाना शेळी विकून एसटीनं निघाले होते, तिथं आता रेल्वे जाते. ज्वारीच्या पेरणीचे दिवस होते. बापलेकांनी मिळून वरचं दोन एकर पेरलं.

लग्न अजून जमलेलं नाही. गुंठ्याचा विषयही पुरता मेलेला नाही, अधूनमधून एजंटचा फोन येतो. परवा मी त्याला विचारलं, पाव्हण्यांना काय सांगतोस? पुण्याला असतो म्हणतोस, की गावाला?

म्हणाला, "काका, सात म्हैने पुण्याला असतो. बाकी गावाला."